पुठ्ठ्यावरचा आकडा

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. बत्तीस वर्षं गॅरेज चालवतोय आणि या बत्तीस वर्षांत शहाणं गिऱ्हाईक एकही पाहिलेलं नाही. गाडीची वाट स्वतः लावायची आणि वर मलाच विचारायचं, ‘मिस्त्री, असं कसं झालं हो?’ असं झालं कारण तू गाढव आहेस. मी हे तोंडावर सांगतो. तरी लोक येतात, कारण माझ्या हाताला खोट नाही. निदान मला तसं वाटायचं.

आमच्या गॅरेजात ऑइल बदललं की दोन ठिकाणी लिहायची पद्धत आहे. एक, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पुढचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं तो आकडा. तो पुठ्ठा तारेनं स्टिअरिंगच्या खाली लटकवायचा. दुसरं, ऑइलचा नवा फिल्टर बसवला की त्याच्या पत्र्यावर मार्करनं तारीख टाकायची. पुठ्ठा गिऱ्हाइकासाठी, फिल्टर आपल्यासाठी. गाडीखाली जो उतरतो त्यालाच तो दिसतो, बाकी जगाला त्याचा पत्ता नसतो. ही पद्धत माझीच. माझ्या पोरालाही पहिल्या दिवशी मी हीच शिकवली होती.

पोराला गॅरेजात सगळे प्रोफेसर म्हणायचे. सव्वीस वर्षांचा होता. बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायचा. मी म्हणायचो, ‘नट आवळ, भाषण नको.’ तो नट आवळता आवळता भाषण करायचा. काम मात्र चोख. ते मी त्याला कधी सांगितलं नाही. पोराला तोंडावर चांगलं म्हटलं की ते डोक्यावर बसतं, असं माझा बाप म्हणायचा आणि मीही तेच म्हणत आलो.

आमचं भांडण ऑइलवरून. घरची गाडी जुनी, एकोणीस वर्षांची. तिला मी जन्मभर साधं ऑइल घातलं, दर पाच हजाराला, न चुकता. प्रोफेसरच्या डोक्यात महागड्या सिंथेटिक ऑइलचं खूळ. ‘बाबा, दहा हजार चालतं. थंड इंजिनातसुद्धा लगेच वरपर्यंत पोचतं. गाळ धरत नाही.’ मी म्हणालो, ‘गाळ धरत नाही, उलट धरलेला गाळ सोडवतं. या म्हातारीच्या सगळ्या सांध्यांतून गळायला लागेल. तो गाळ आहे म्हणून ती उभी आहे.’ तो म्हणाला, ‘ते मागच्या जमान्यातलं झालं, बाबा.’ म्हणजे मीच मागच्या जमान्यातला. चार गिऱ्हाइकं ऐकत होती. मला ते लागलं.

बारा तारखेला मी बँकेत गेलो असताना त्यानं गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली, साधं ऑइल काढलं, सिंथेटिक घातलं, नवा फिल्टर बसवला. आलो तेव्हा स्टिअरिंगखाली पुठ्ठा लटकत होता. एक लाख चौऱ्याण्णव हजार तीनशे. त्याचं अक्षर मोठं आणि गोल, शाळेतल्या मास्तरासारखं. म्हणजे इथून पुढे दहा हजार किलोमीटर. माझ्या गॅरेजात, माझ्या गाडीत, मला न विचारता.

मी काही बोललो नाही. मी न बोललो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे त्याला कळायला हवं होतं.

चौदा तारखेला दुपारी तो पार्ट आणायला बाजारात गेला. मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि त्याचं ते सगळं ऑइल काढून टाकलं. सोन्यासारखं स्वच्छ होतं, दोन दिवस चाललेलं. ते जळक्या ऑइलच्या टाकीत सोडलं आणि आपलं साधं भरलं. घाई होती म्हणून फिल्टर बदलला नाही. कोणी दुसऱ्यानं असं काम केलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. पुठ्ठा तसाच ठेवला. माझा बेत असा, की पोरगं दहा हजार किलोमीटर ‘बघा कसं चालतंय सिंथेटिक’ म्हणून मिरवेल आणि मग एक दिवस सगळ्यांच्या देखत सांगायचं, बाळा, ते साधंच आहे. चांगली जिरली असती.

चार-पाच दिवसांनी जेवताना तो म्हणालाच. ‘काय बाबा, गाडी कशी वाटतेय?’

‘झकास,’ मी म्हणालो. ‘अगदी साध्यासारखीच.’

तो हसला. मीही हसलो. त्याची आई आमच्या दोघांकडे बघून म्हणाली, ‘आज सूर्य कुठून उगवला?’ त्याच सुमारास मांडणीवरचा सिंथेटिकचा आणखी एक डबा गेलेला दिसला. विचारलं तर म्हणाला, ‘एका गाडीत घातला. गिऱ्हाईक जरा हट्टी आहे.’ मी म्हणालो, हट्टी गिऱ्हाइकाकडून जास्त घ्यायचे. तो पुन्हा हसला.

बावीस तारखेला त्याला ताप आला. पंचवीस तारखेला तो नव्हता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मला अजून नीट उच्चारता येत नाही. ताप डोक्यात शिरला म्हणाले. एवढंच. माझं एकुलतं एक पोरगं तीन दिवसांत संपलं आणि त्यावर मी करू शकेन असं काहीच नव्हतं. आवळायला एक नट नव्हता.

पंधरा दिवसांनी मी घरच्या त्या गाडीकडे बघत होतो. ती चालवायची माझी बायकोच. ही शाळेच्या ग्रंथालयात काम करते. तिच्या पन्नाशीत प्रोफेसरनं तिला याच गाडीवर चालवायला शिकवलं होतं. मी दोन दिवस शिकवून बघितलं, तिसऱ्या दिवशी ती रस्त्यात उतरून चालत घरी गेली. तर मी बोनेटला हात लावला आणि ती दारातून म्हणाली, ‘हात लावू नका.’

‘अगं, नुसतं बघतोय.’

‘बघायचंही नाही. त्याच्या हातचं शेवटचं काम आहे ते. त्यानं आकडा लिहिलाय. तो आकडा येईपर्यंत त्या इंजिनाला कोणी हात लावायचा नाही. तुम्ही तर नाहीच नाही. तुमचं नि त्याचं ऑइलवरूनच वाजलं होतं.’

बोला आता. काय सांगणार होतो मी? की बाई, तू जे जपतेस ते त्याच्या हातचं नाही, माझ्या हातचं आहे? त्याचं मी तिसऱ्याच दिवशी चोरासारखं काढून टाकलं, कारण चार माणसांत त्यानं मला मागच्या जमान्यातला म्हटलं? मी बोनेटवरचा हात काढून घेतला.

मग ती गाडी चालवत सुटली. शाळा सुटल्यावर घरी यायची नाही. गावाबाहेर जायची, धरणापर्यंत, टेकडीपर्यंत, कुठेही. म्हणायची, आत बसलं की तो खाली काहीतरी करतोय असं वाटतं. सहा-सात महिन्यांत आठ हजार किलोमीटर झाले. आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की आकडा जवळ येतोय. त्या दिवसापासून तिनं हात आखडला. आधी फिरणं बंद झालं. मग शाळेत बसनं जायला लागली. मग भाजी आणायला पायी. गुडघे दुखायचे, पण दोन किलोमीटर वाचले म्हणायची. माणसं पैसे वाचवतात, वेळ वाचवतात. ही किलोमीटर वाचवत होती. कधीतरी संध्याकाळी नुसती गाडीत जाऊन बसायची, पुठ्ठा हातात धरून, इंजिन बंद.

आणि मी? मला झोप नव्हती. माझं साधं ऑइल पाच हजाराचं, आणि ते सात हजार झालं, आठ झालं, नऊ झालं. ती गाडी सुरू करायची आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून इंजिन ऐकायचो. टक टक टक. वरच्या अंगाला तेल कमी पडल्यावर येतो तो आवाज. खरंच येत होता की माझ्या मनात येत होता, देव जाणे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात टकटक होती.

पुढे काय होणार ते मला दिसत होतं. आकडा यायच्या आत इंजिन बसणार. बसलं की ती काय म्हणणार? म्हणणार, प्रोफेसर चुकला. म्हणणार, तुम्ही बरोबर होतात. मी मेलेल्या पोराकडून जिंकणार, आणि तेही लबाडीनं. हा विचार आला की मला स्वतःची किळस यायची.

दीड वर्षानं एका सुट्टीच्या दिवशी ती तिच्या बहिणीकडे गेली, पायीच. मी म्हणालो, गाडीची हवा बघून आणतो. शेवटी मी ठरवलं होतं. माझं ऑइल काढायचं, आणि या वेळी सिंथेटिक घालायचं. तोच ब्रँड, तेवढंच माप. म्हणजे पुठ्ठ्यावर जे लिहिलंय ते खरं होईल. त्याचा आकडा खरा ठरेल. तिला कळणार नाही, पण ती जे जपतेय ते निदान त्याला हवं होतं तसं असेल. दीड वर्षात मला एवढंच प्रायश्चित्त सुचलं.

गॅरेज बंद होतं. मी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरलो, जळक्या ऑइलच्या टाकीचं नरसाळं नेमकं नटाखाली आणलं आणि नट सोडला.

ऑइल धो धो आलं. इथेच मला कळायला हवं होतं. नऊ हजार चाललेलं साधं ऑइल असं येत नाही. ते डांबरासारखं येतं, जड, लोळत लोळत. हे पातळ होतं. काळं होतं, पण पातळ, आणि जळका वास नाही. एक थेंब बोटांत घेऊन चोळला असता, नाकाला लावला असता, तर त्याच क्षणी कळलं असतं. पोराला ऑइल ओळखायला मीच तसं शिकवलं होतं. पण मी काय केलं? मी खूश झालो. खड्ड्यात एकटा उभा राहून मी मोठ्यानं म्हणालो, ‘बघ रे प्रोफेसर. माझं साधं ऑइल. नऊ हजार झाले तरी बघ कसं आहे.’

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा. पोरगं गेलं आणि मी त्याला टोमणा मारत होतो.

शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबलो. मग फिल्टर सोडवला. दीड वर्षाची धूळ आणि चिकटा बसला होता. सवय म्हणून चिंधीनं पुसला. आधी तारीख दिसली. सतरा.

मला वाटलं डोळे दगा देतायत. बारा असायला हवी. पुठ्ठा बाराचा आहे. मी चौदाला ऑइल काढलं आणि फिल्टर तसाच सोडला, त्यावर बारा होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हा तो फिल्टरच नव्हता. मी आणखी पुसलं. तारखेच्या खाली त्याच मोठ्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

‘बाबा, आता राहू द्या की.’

त्याला कळलं होतं. दोन-तीन दिवसांत कळलं होतं. इंजिनातली ऑइलची पट्टी ओढून थेंब चोळला असणार, वास घेतला असणार. माझ्याशी भांडला नाही, आईला सांगितलं नाही. गुपचूप पुन्हा सिंथेटिक घातलं, फिल्टर बदलला, आणि मी पुन्हा खाली उतरेन तेव्हा वाचावं म्हणून हे लिहून ठेवलं. हट्टी गिऱ्हाईक म्हणजे मी. जेवताना मी त्याला हसत होतो आणि तो मला हसत होता. ते त्याचंच होतं. दीड वर्ष ती जपत होती ते खरोखर त्याचंच होतं, आणि मी ते आत्ता, स्वतःच्या हातानं, गावभरच्या गाड्यांच्या घाणीत सोडलं होतं.

मी टाकीचं झाकण काढून आत पाहिलं. काय दिसणार होतं? सगळं सारखंच काळं.

तेवढ्यात वरून आवाज आला. ‘अहो, आहात का?’

खड्ड्यातून मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. बहिणीकडून ती तशीच चालत इथे आली होती.

‘बरं झालं गाडी इथेच आहे,’ ती म्हणाली. ती बऱ्याच दिवसांनी असं नीट, सलग बोलत होती. ‘मी ठरवलंय. ताई म्हणाली, अगं, तेल म्हणजे काही तो नव्हे. किती दिवस पायपीट करशील? मला पटलं. तो असता तर त्यानंच वेड्यात काढलं असतं मला. तर आज काढू या. पण माझ्या हातानं काढणार मी. तुम्ही नुसतं दाखवा कुठला नट ते. आणि थोडं ठेवायचंय मला. ताईकडून काचेची बरणी आणलीय. धुऊन, उन्हात वाळवून घेतलीय. अहो, ऐकताय ना? बोलत का नाही?’

मी शिडीवरून वर आलो, फिल्टर हातात तसाच. तिनं माझा हात पाहिला. मग वाकून गाडीखाली पाहिलं. मिस्त्रीची बायको आहे ती, तीस वर्षं. तिला सांगावं लागलं नाही.

‘कधी?’ तिनं विचारलं.

‘आत्ता.’

आणि मग मी सगळं सांगितलं. चौदा तारखेपासून. शटर अर्ध्यावर ओढलं ते, पुठ्ठा तसाच ठेवला ते, झकास म्हणालो ते, आजचा बेत, सगळं. मी रडत होतो की काय मला माहीत नाही, बहुतेक रडत होतो. ती स्टुलावर बसून ऐकत होती, बरणी मांडीवर. मी फिल्टर तिच्या हातात दिला. तिनं अक्षरावरून अंगठा फिरवला. दोनदा वाचलं असेल, तीनदा.

‘राहू द्यायचं होतंत,’ ती म्हणाली.

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. तीस वर्षं मी ओरडत आलो, एकदा तिनं ओरडायला काय हरकत होती?

मग तिनं विचारलं, ‘टाकीत किती आहे?’

‘साठेक लिटर.’

‘त्यात त्याचं?’

‘साडेतीन.’

ती उठली, बरणीचं झाकण उघडलं आणि बरणी माझ्यापुढे धरली. ‘भरा.’

‘अगं, ते सगळ्यांचं आहे. मालट्रकांचं, टॅक्स्यांचं. खाली गाळ आहे.’

‘थोडं तरी असेल ना त्याचं. ढवळा आणि भरा.’

मी लोखंडी सळईनं टाकी ढवळली. कोणी बघितलं असतं तर वेडा म्हटलं असतं. पळीनं बरणी भरली. तिनं झाकण घट्ट लावलं, पदरानं काच पुसली. पदराला काळा डाग पडला, तो तिनं पाहिला आणि तसाच ठेवला. फिल्टर तिनं मला परत दिला.

‘तू ठेव की,’ मी म्हणालो. ‘त्याचं अक्षर आहे.’

‘मला लिहिलेलं नाही ते,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला लिहिलंय.’

ती पायीच घरी गेली.

मी त्या दिवशी नवा फिल्टर बसवला, सिंथेटिक भरलं. गाडी छान चालते. गळत नाही, टकटक नाही. कुठल्याच सांध्यातून एक थेंबही बाहेर येत नाही. तोच बरोबर होता. हे त्याला सांगायला हवं होतं, साध्या तीन शब्दांत, जेवताना.

ही त्यानंतर त्या गाडीत बसली नाही. बरणी तिच्या कपाटात आहे. फिल्टर माझ्या खणात आहे, आणि रोज खण उघडायचा की नाही हे मला ठरवावं लागतं. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा मी गाडी दारातच पाच मिनिटं सुरू ठेवतो, हलवत नाही. पुठ्ठा अजून स्टिअरिंगखाली लटकतोय. त्यावरचा आकडा आठशे चाळीस किलोमीटर लांब आहे.